अर्ल-बिशपचा संसार

उत्तर आयर्लंडमधल्या डेरीत कुणाचं कौतुक करायचं तर आधी समोरचा कुठल्या बाजूचा आहे याचा अंदाज घ्यावा लागतो. नदीच्या अलीकडे राहतो की पलीकडे, कुठल्या शाळेत शिकला, गावाला डेरी म्हणतो की लंडनडेरी, एवढ्यावरून इथली माणसं एकमेकांचा पंथ ओळखतात आणि मग बेतानं बोलतात. आम्ही बाहेरून आलेले या हिशेबातून सुटतो. परकेपणाचे जे काही थोडे फायदे आहेत त्यांतला हा एक. पण या गावात एक माणूस असा आहे, की त्याचं नाव काढलं तर कॅथलिक आणि प्रोटेस्टंट दोघंही चार बरे शब्द बोलतात. नवल म्हणजे तो इंग्रज होता, सरकारी चर्चचा बिशप होता आणि वर उमरावही होता. फ्रेडरिक हार्वी, जन्म १७३०, मृत्यू १८०३. इथे त्याला नुसतं ‘अर्ल-बिशप’ म्हणतात.

या प्रेमाचं कारण पाहायचं तर तटबंदीच्या खालच्या अंगाला लाँग टॉवर चर्चमध्ये जावं. कॅथलिकांवर तेव्हा नाना बंधनं होती. गावात त्यांना धड देऊळ नव्हतं, आणि या जागी म्हणे एका काटेरी हॉथॉर्नच्या झाडाखाली ते उघड्यावर प्रार्थना करत. १७८०च्या दशकात त्यांनी चर्च बांधायला घेतलं, तेव्हा विरुद्ध पंथाच्या या बिशपनं दोनशे पौंडांची देणगी दिली आणि वेदीजवळच्या खांबांसाठी इटलीहून संगमरवरी शीर्षं पाठवली. पांढऱ्या दगडात कोरलेली ती वळणदार पानं अजून तिथे आहेत. बाकीचं चर्च नंतर पुष्कळ बदललं, रंगलं, सजलं. त्या सगळ्या झगमगाटात ती चार शीर्षं जरा वेगळीच, शहाणी वाटतात. फॉइल नदीवर गावाचा पहिला पूल व्हावा म्हणूनही यानंच खटपट केली. १७९१च्या सुमाराला तो लाकडी पूल झाला; बांधणारा लेम्युएल कॉक्स थेट अमेरिकेतल्या बॉस्टनहून आला होता. कॅथलिकांना हक्क द्या, हे तर बिशप उघडपणे सांगत फिरायचा. त्या काळातल्या बिशपनं हे बोलणं म्हणजे कंपनी सरकारच्या कलेक्टरानं शेतसारा माफ करा म्हणण्यापैकी होतं.

इतकं वाचून-ऐकून झाल्यावर माझ्या मनात अगदी घरगुती प्रश्न आला. याच्या बायकोचं काय? गावातल्या पाट्यांवर ती कुठेच नाही. मग मी तिच्या मागे लागले, आणि या देवमाणसाचं घरातलं रूप हळूहळू बाहेर यायला लागलं.

आधी कुळाचं सांगते, कारण त्याशिवाय हा माणूस बिशप कसा झाला ते कळणार नाही. आपल्याकडे बाप गेला की भावाभावांत वाटण्या होतात आणि बांधावरून दोन पिढ्या कोर्टात जातात. इंग्रज उमरावांनी हे लचांडच ठेवलं नाही. जमीन, वाडा, किताब, सगळं थोरल्याचं. धाकट्यांनी आपापलं बघायचं: एकानं आरमारात जायचं, एकानं वकिली करायची, एकानं चर्च गाठायचं. देवाची ओढ हवी अशी काही अट नव्हती. सफोक परगण्यातल्या इकवर्थचे हार्वी हे अर्ल ऑफ ब्रिस्टल. फ्रेडरिकचा बाप लॉर्ड हार्वी म्हणजे दुसऱ्या जॉर्जच्या दरबारातला मोठा चलाख, नाजूक आणि विषारी जिभेचा माणूस. कवी अलेक्झांडर पोपनं त्याच्यावर असा काही डंख मारून ठेवला आहे की तो आजही त्यासाठीच ओळखला जातो. आई मॉली लेपेल, दरबारातली नावाजलेली सुंदरी. मुलं आठ. जगात बायका, पुरुष आणि हार्वी अशा तीन जाती आहेत, असं तेव्हा लोक गमतीनं म्हणायचे.

फ्रेडरिक तिसरा मुलगा. केंब्रिज झालं, वकिलीचं शिक्षण झालं, १७५२ साली शेजारच्याच रशब्रुकच्या जहागीरदाराची मुलगी एलिझाबेथ डेव्हर्स हिच्याशी लग्न झालं, आणि पोटापाण्यासाठी त्यानं पाद्र्याची वस्त्रं घेतली. पुढची काही वर्षं जेमतेमच गेली. मग थोरला भाऊ जॉर्ज १७६६ साली आयर्लंडचा लॉर्ड लेफ्टनंट, म्हणजे राजाचा तिथला प्रतिनिधी, झाला. या थोरल्यानं आयर्लंडच्या भूमीवर पाऊलसुद्धा ठेवलं नाही, पण तेवढ्यात धाकट्याची सोय लावली. १७६७ साली फ्रेडरिक क्लॉइनचा बिशप झाला, आणि पुढच्याच वर्षी डेरीचा. डेरीची गादी आयर्लंडमधल्या सर्वांत श्रीमंत गाद्यांपैकी होती. वर्षाला सात हजार पौंडांचं उत्पन्न यानं वीस हजारांच्या घरात नेलं, असं त्याचे चरित्रकार सांगतात. हा पैसा आकाशातून पडत नव्हता. बिशपच्या जमिनी कसणाऱ्या कुळांच्या खंडातून तो येत होता. त्याच्या औदार्याचे गोडवे ऐकताना मला हे मधूनमधून आठवतं.

किताब त्याच्याकडे आला तो दुसऱ्या भावाच्या लफड्यामुळे. हा मधला ऑगस्टस आरमारातला धाडसी कप्तान. त्यानं १७४४ साली एलिझाबेथ चडली नावाच्या राजदरबारच्या मुलीशी मध्यरात्री, चोरून लग्न केलं. दोघांचं पटलं नाही आणि दोघांनीही लग्न झालंच नाही असं दाखवायला सुरुवात केली. पुढे तिनं १७६९ साली चक्क ड्यूक ऑफ किंग्स्टनशी लग्न केलं. १७७६ साली हाउस ऑफ लॉर्ड्ससमोर तिच्यावर दोन नवरे केल्याचा खटला चालला आणि त्याला लोटली ती गर्दी नाटकाला लोटावी तशी. ती दोषी ठरली, म्हणजे पहिलं लग्न खरं ठरलं. थोरला जॉर्ज बिनलग्नाचाच गेलेला. ऑगस्टसला कायद्यानं दुसरी बायको करता येईना, त्यामुळे औरस मूल नाही. १७७९ साली तोही गेला आणि डेरीचा बिशप ब्रिस्टलचा चौथा अर्ल झाला. भाच्याचंही सांगून टाकते: बहिणीचा मुलगा जॉर्ज रॉबर्ट फिट्झजेराल्ड, द्वंद्वयुद्धांचा शौकीन. १७८३ साली मामा डब्लिनला आयरिश स्वयंसेवक सैनिकांच्या मेळाव्याला जांभळा पोशाख करून राजासारखा मिरवत गेला तेव्हा हा बरोबर होता. तीन वर्षांनी खुनाच्या गुन्ह्यात तो फासावर गेला.

आता एलिझाबेथकडे येते. तीस वर्षं तिनं या नवऱ्याबरोबर युरोपभर फरफट सोसली. त्याला ज्वालामुखींचं वेड. १७६६ साली व्हेसूव्हियसच्या तोंडाशी जाऊन उडालेल्या दगडानं जखमी होऊन आला. त्याला घरं बांधण्याचं वेड, चित्रं-पुतळे घेण्याचं वेड. मग १७८२ साली एके दिवशी दोघं इकवर्थला बग्गीतून फेरफटक्याला गेली. परत आली ती न बोलता, आणि त्यानंतर पुन्हा कधीही एकमेकांशी बोलली नाहीत. बग्गीत काय झालं ते दोघांपैकी कुणीच सांगितलं नाही. तो आयर्लंडला निघून गेला. ती १८०० साली मरेपर्यंत इकवर्थलाच राहिली, मुलींना पत्रं लिहीत.

मुलींची तऱ्हा आणखी वाईट. थोरली मेरी लॉर्ड अर्नला दिली. जमलं नाही, वेगळी झाली. मधली एलिझाबेथ, घरात बेस. तिला आयरिश खासदार जॉन फॉस्टरला दिली. पाच-सहा वर्षांत तेही मोडलं. मुलं बापाची, असा तेव्हाचा कायदा. तिचे दोन्ही मुलगे नवऱ्यानं ठेवून घेतले आणि चौदा वर्षं तिला त्यांचं तोंड दिसलं नाही. हातात पैसा नाही. आणि बाप कोण, तर वर्षाला हजारो पौंड मिळवणारा, परक्यांच्या चर्चला देणग्या देणारा डेरीचा बिशप! शेवटी ही अर्लची मुलगी ड्यूक ऑफ डेव्हनशरच्या अनौरस मुलीची शिक्षिका म्हणून नोकरीला लागली. पुढचं पुष्कळांनी ‘द डचेस’ या सिनेमात पाहिलं असेल: ड्यूक, त्याची बायको जॉर्जियाना आणि बेस, तिघंही एका छपराखाली. ड्यूकपासून बेसला दोन मुलं झाली, आणि जॉर्जियाना गेल्यावर १८०९ साली ती स्वतः डचेस झाली. इतिहासकार तिला कारस्थानी म्हणतात. मला वाटतं, बापानं वेळेवर थोडी तजवीज केली असती तर तिला कारस्थानाची एवढी गरज पडली नसती.

धाकटी लुइझा तेवढी सुखानं नांदली. तिचा नवरा रॉबर्ट जेंकिन्सन, पुढचा लॉर्ड लिव्हरपूल, १८१२ ते १८२७ इंग्लंडचा पंतप्रधान होता. म्हणजे १८१८ साली आपली पेशवाई बुडाली तेव्हा लंडनमध्ये कारभार पाहत होता तो अर्ल-बिशपचा जावई. आणि या जावयाची आजी कोण, तर कलकत्त्यात चार लग्नं केलेली प्रसिद्ध ‘बेगम जॉन्सन’. इंग्रज घराण्याची वंशावळ उलगडायला बसलं की असा कुठूनतरी हुगळीचा घाट निघतोच.

डेरीहून कोलरेनच्या गाडीत बसलं की फॉइलचं पात्र, मग सपाट शेतं, मग समुद्र, आणि कासलरॉकच्या आधी गाडी बोगद्यात शिरते. बोगद्याच्या वर, कड्याच्या अगदी टोकाला एक गोल, घुमटाचं, छोटंसं देवळासारखं बांधकाम आहे: मसेंडन टेंपल. कडा काळ्या कातळाचा. सह्याद्रीच्या कुशीत वाढलेल्या माणसाला तो लांबूनच ओळखू येतो; लाव्ह्याचे थरावर थर, तोच बेसॉल्ट, आपल्यापेक्षा थोडा तरुण इतकंच. इथेच बिशपचा डाउनहिलचा वाडा होता. वाऱ्याचा जोर असा की बोलायचं तर तोंड फिरवून बोलावं लागतं. टेंपल त्यानं ग्रंथालयासाठी बांधलं आणि नाव दिलं फ्राइड्सवाइड मसेंडन या चुलत नात्यातल्या तरुण, विवाहित बाईचं. १७८५ साली ती बाविसाव्या वर्षी गेली. दोघांबद्दल लोक बोलायचं ते बोलले. बिशपची बायको तेव्हा इकवर्थला एकटी होती, हे त्यात भर घालणारंच. घुमटाखाली गोलाकार कोरलेला मजकूर बायबलमधला नाही, लुक्रेशियस या रोमन कवीचा आहे: वादळात सापडलेल्याची धडपड किनाऱ्यावरून पाहण्यातल्या सुखाबद्दलचा. घरच्यांची आठवण ठेवून तो वाचला की अंगावर काटा येतो. आणि याच इमारतीच्या तळघरात त्यानं आसपासच्या कॅथलिकांना प्रार्थनेसाठी जागा दिली होती. हा माणूस एका बाजूनं धरावा तर दुसऱ्या बाजूनं निसटतो.

१७९०च्या दशकाच्या सुरुवातीला तो देशाबाहेर पडला तो जिवंतपणी परत आलाच नाही. डेरीची गादी मात्र शेवटपर्यंत त्याच्याकडे, उत्पन्नासकट. इटलीत चित्रं-पुतळे जमवत राहिला. १७९५ साली ते ठेवायला इकवर्थला प्रचंड घर बांधायला काढलं: मधे शंभर फुटी गोल घुमट, दोन बाजूंना लांब पंख. बायको तिथेच जवळ राहत होती. तिचं त्या घराबद्दलचं मत अजिबात बरं नव्हतं. हयात मुलग्यांतला थोरला १७९६ साली समुद्रावर वारला. उरलेल्या फ्रेडरिक विल्यमसाठी बिशपनं प्रशियाच्या राजाची अनौरस मुलगी हेरली, हुंड्याची, राजकारणाची सगळी गणितं मांडली. मुलानं ऐकलं नाही. १७९८ साली त्यानं आपल्या पसंतीनं एलिझाबेथ अप्टनशी लग्न केलं. त्याच वर्षी फ्रेंचांनी रोममध्ये बिशपचा सगळा संग्रह जप्त केला आणि त्यालाही मिलानला नऊ महिने कोठडीत टाकलं.

जुलै १८०३मध्ये आल्बानोहून रोमला जाताना वाटेत त्याला दुखणं आलं. जवळच्या एका शेतकऱ्याच्या घरात नेलं, तर घरच्यांनी धर्मबाह्य बिशपला आपल्या छपराखाली मरू द्यायला नकार दिला आणि त्याला बाहेरच्या खोपटात हलवलं. कॅथलिकांना आपल्या तळघरात जागा देणारा माणूस असा गेला. प्रेत इंग्लंडला नेताना खलाशी बिचकू नयेत म्हणून पेटीवर ‘पुरातन पुतळा’ असं लिहिलं होतं म्हणतात. इकवर्थच्या बागेत त्याच्या नावाचा उंच स्तंभ आहे. तो उभारायला डेरीच्या लोकांनी वर्गणी काढली, आणि त्यात कॅथलिक बिशपचाही वाटा होता.

मृत्युपत्रात डाउनहिल आणि आयर्लंडमधली मिळकत मुलाला नाही, फ्राइड्सवाइडच्या भावाला, हेन्री ब्रूसला गेली. डाउनहिलला १८५१ साली आग लागली, वाडा पुन्हा उभा राहिला, दुसऱ्या महायुद्धात तिथे हवाई दल राहून गेलं, आणि नंतर छप्परच काढून नेलं. मुलाच्या वाट्याला किताब आला आणि इकवर्थचं अर्धवट घर. तो चिवट निघाला. वडिलांनी मधल्या घुमटात स्वतः राहायचं आणि पंखांत चित्रं लावायची असं आखलं होतं. त्यानं पाहुण्यांना घुमटात बसवलं, पश्चिमेचा पंख केवळ दिसायला सारखा म्हणून बाहेरून पुरा केला, आणि बायकोमुलांना घेऊन पूर्वेच्या पंखात राहायला गेला.