आबांची फियाट

गाडी माझ्या नावावर होती, पण गावात तिला सगळे 'आबांची फियाट' म्हणायचे. तिच्यावर नाव प्रीमियर पद्मिनी. कुर्ल्याच्या कारखान्यात १९६४ पासून फियाटच्या परवान्यावर ही गाडी बनायची. पुढे तिला पद्मिनी हे नाव मिळालं, तरी लोकांच्या तोंडात फियाटच राहिलं.

आबा १९७२ च्या दुष्काळानंतर वेल्ह्यातून मुंबईला गेले. आधी गोदीत हमाली केली, मग टॅक्सी शिकले. पुढं बावीस वर्षं त्यांनी काळी-पिवळी फियाट चालवली, पण ती मालकाची. रोज रात्री गाडी धुऊन, हिशेब देऊन चावी परत करायची. वर्षातून दोनदा, लावणीला आणि शिमग्याला ते गावी यायचे, तेव्हा एसटीतून उतरायचे. अख्खं आयुष्य गाडीत काढलेला माणूस दाराशी गाडी घेऊन कधी आला नाही.

मी भोर तालुक्यात झेडपीच्या शाळेत लागलो. २००३ मध्ये पुण्यातून १९९१ ची पद्मिनी बत्तीस हजाराला घेतली. आबा तेव्हा मुंबई सोडून गावी शेती बघत होते. त्यांना सोबत नेलं होतं. त्यांनी बॉनेट उघडून कान लावला, खाली वाकून पाटे पाहिले आणि म्हणाले, "घे. बाकी कायबी हूं दे, इंजान खोटं बोलत न्हाय." येताना गाडी त्यांनीच चालवली. चेलाडी फाट्याला महामार्ग सोडून नसरापूरकडे वळलो, तसे ते गप्प झाले. मार्गासनी गेलं, तोरणा दिसायला लागला. घराच्या अंगणात गाडी लावली, चावी काढली आणि मुठीत धरून तसेच बसून राहिले. म्हणाले, "ही आज परत द्यायची न्हाय."

पुढची सहा वर्षं ती गावाचीच गाडी होती. वेल्ह्यातल्या पावसात रात्री-अपरात्री बाळंतीण न्यायची, साप चावलेला माणूस न्यायचा, लग्नातली नवरी न्यायची. आबांनी कुणाकडून भाडं घेतलं नाही. पेट्रोलचे पैसे मी द्यायचो आणि त्यावरून आमची भांडणंही व्हायची.

२००९ च्या श्रावणात आबांना अर्धांगवायूचा झटका आला. डावी बाजू गेली. वर्षभराने डावा पाय फिरता झाला, पण हात मुठीसारखा मिटलेलाच राहिला. फियाटचा गिअर स्टिअरिंगच्या दांड्यालाच, डाव्या हाताला असतो. म्हणजे गाडी संपली. मी त्यांना भोरला माझ्याकडे आणलं. गाडी गावी गोठ्याच्या पडवीत राहिली. मी एक मोटारसायकल घेतली आणि गाडीकडे बघायचं टाळलं. खरं सांगायचं तर मला तिचा राग आला होता.

तीन पावसाळे गेले. २०१२ च्या दिवाळीत ताडपत्री काढली तर पाठीमागच्या सीटवर कोंबडीने अंडी घातलेली, उंदरांनी वायरी कुरतडलेल्या. पायाखालचा पत्रा असा गळाला होता की आतून खालची जमीन दिसत होती. आमच्याकडच्या पावसात उघड्या पडवीत लोखंड ठेवलं, ही चूक माझी. मोडीवाला चौदा हजार द्यायला तयार होता. भोरला येऊन आबांना विचारलं. ते बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "तुझी गाडी हाय. इकायची तर इक. पर मला सांगू नको."

मग गाडी ट्रॉलीत घालून भोरला आणली.

शिक्षकाच्या पगारात एकदम काम होणं शक्य नव्हतं. पगार झाला की एक काम, असं ठरलं. मिस्त्री आधी रंगाचं बोलायला लागले. आबा गॅरेजमध्ये खुर्ची टाकून बसलेले. म्हणाले, "आधी ब्रेक. मग इंजान. रंग समद्यात शेवटी. थांबता येत न्हाय त्या गाडीला रंग कशाला?" तोच क्रम चार वर्षं चालला. पहिल्या वर्षी ब्रेकचे सिलिंडर, नळ्या आणि नवी वायरिंग. दुसऱ्या वर्षी पेट्रोलची टाकी उतरवून आतला गंज काढला, कार्बोरेटर साफ केला, इंजिनला रिंगा घातल्या. तिसऱ्या वर्षी जुना पत्रा कापून नवा वेल्डिंग केला. सुटे भाग मी नाना पेठेत शोधायचो. तिथे नाही मिळाले की कुर्ल्याला. तेव्हा मुंबईत वय झालेल्या टॅक्स्या मोडीत निघत होत्या. एका टॅक्सीचा डावा दरवाजा आणला. आतून तो काळा होता. आबांनी त्यावर हात फिरवला. "ह्यो आतून असाच ऱ्हाऊ द्या," म्हणाले. तो अजून तसाच आहे.

मिस्त्रींनी एकदा सुचवलं, "गुरुजी, गिअर खाली जमिनीवर घेऊ, पुढं दोन वेगळ्या सीटा टाकू. चालवायला सोपं." मला पटलं होतं. आबा मात्र अडून बसले. "गिअर हाताला हाय तितंच पायजे." चालवता येत नाही आणि हट्ट कशाला, असं माझ्या मनात आलं. तरी गिअर तिथंच ठेवला, आणि पुढची सलग सीटही.

२०१६ च्या एप्रिलमध्ये रंग झाला. दंड आणि पर्यावरण कर भरून पासिंग करून घेतलं. मेमध्ये एका रविवारी आबांना घेऊन भाटघर धरणाकडे गेलो. उन्हाळ्यात पाणी मागे हटतं आणि मोठं मैदान उघडं पडतं. माणूस नव्हतं, जनावर नव्हतं. मी गाडी थांबवली, उतरलो आणि त्यांना म्हणालो, "आबा, तिकडं सरका."

सीट सलग होती. ते उजवा हात टेकत हळूहळू स्टिअरिंगमागे सरकले. मी डावीकडे बसलो. त्यांनी क्लच दाबला, मी हात लांबवून पहिला गिअर टाकला. क्लच सुटला आणि गाडी न हिसकता निघाली. "दुसरा," ते म्हणाले. मी दुसरा टाकला. "तिसरा." धूळ उडत होती. एका हाताने त्यांनी असं सफाईदार वळण घेतलं की मी बघत राहिलो. गिअर खाली, दोन सीटांच्या मधे असता तर हे जमलं असतं की नाही, कुणास ठाऊक. आबांना आधीपासून हेच करायचं होतं का, हे मी कधी विचारलं नाही.

नंतरची दोन वर्षं आम्ही उन्हाळ्यात तिथे जात राहिलो. २०१८ च्या पावसाळ्यात आबा गेले.

ऑक्टोबर २०२३ मध्ये मुंबईच्या रस्त्यावरून शेवटची पद्मिनी टॅक्सी निघून गेल्याची बातमी आली. त्या रविवारी मी फियाट घेऊन गावी गेलो. आता तालुक्याचं नाव राजगड झालंय, तरी आमच्या तोंडी वेल्हंच येतं. अंगणात गाडी लावली आणि चावी हातात घेऊन थोडा वेळ बसून राहिलो.

पुढचं पासिंग २०२६ ला आहे. मुलगा म्हणतो, रंग पुन्हा करू. मी त्याला सांगितलंय, आधी ब्रेक.