अब्बांच्या फियाटचे मीटर

आमच्या अंगणात आंब्याखाली एक फियाट उभी आहे. कागदोपत्री ती प्रीमियर पद्मिनी, १९८६ चे मॉडेल. पण आमच्या घरात तिला फियाटखेरीज दुसरे नाव कधी मिळाले नाही. अब्बांनी ती १९९८ साली मुंबईत एका पारशी गृहस्थांकडून घेतली आणि स्वतः चालवत गावी आणली. अब्बांचा इन्तकाल २०१९ साली झाला. त्यानंतर वर्षभरात गाडीचे मीटर बंद पडले आणि पाच वर्षे बंदच राहिले. आम्ही गाडी चालवत होतो, मीटर पाहत नव्हतो. (उर्दू शाळेत वीस वर्षे शिकवल्यावर स्वतःला ‘आम्ही’ म्हणायची सवय जडते. घरातल्या मुली हसतात, वाचकांनी हसू नये.)

दिवाळीच्या सुट्टीत भाईजानचा मुंब्र्याहून फोन आला. पुण्याचे एक गिऱ्हाईक मिळाले होते. गृहस्थ जुन्या गाड्या जमवणारे, रक्कमही चांगली देत होते. गाडीच्या पासिंगची मुदत जवळ आलेली, अम्मींच्या गुडघ्याचे ऑपरेशन ठरलेले; विकायला आमचाही नकार नव्हता. भाईजान म्हणाले, “त्यांना मीटरचा फोटो पाठव. एक्केचाळीस हजार तीनशे शहाऐंशी दिसतंय ना? चाळीस वर्षांच्या गाडीला एक्केचाळीस हजार! बघ किती खूश होतात ते.”

आम्ही म्हणालो, “भाईजान, मीटर बंद आहे.”

“मग चालू करून घे. आकडा तोच राहील की.”

मीटर चालू करणे गरजेचे होतेच. पासिंगला ते बंद चालत नाही. पण आकड्याबद्दल आमच्या मनात काही वेगळेच चालले होते, कारण अब्बांची वही आमच्या कपाटात होती.

अब्बा पंचवीस वर्षे मुंबईत टॅक्सी चालवत होते. तीही फियाटच, पण मालकाची. कुर्ल्याच्या प्रीमियर कारखान्यात या गाड्या बनत. वालचंद हिराचंद यांनी ती कंपनी १९४४ साली काढली होती. इटलीच्या फियाटशी करार करून आधीची मॉडेले निघाली, १९६४ साली ११०० डिलाइट आली आणि पुढे तीच पद्मिनी झाली. त्याआधीच्या गोलमटोल फियाटला मुंबईकर एका प्राण्याच्या नावाने ओळखत. ते नाव अब्बांनी आयुष्यात कधी तोंडातून काढले नाही. ते तिला ‘जुनी वाली’ म्हणत.

त्या काळी टॅक्सीचे मीटर बाहेर डाव्या बाजूला, बॉनेटजवळ बसवलेले असे. लोखंडी डबा, त्याला फिरवायचे हँडल. गाडीच्या गिअरबॉक्सकडून एक केबल त्या डब्यापर्यंत जायची आणि चाके जेवढी फिरतील तेवढे मीटर पुढे सरकायचे. या केबलशी आणि मीटरच्या दातऱ्यांशी खेळ करून मीटर ‘पळवणारे’ लोक होते. ते काम गुपचूप करून देणारे कारागीरही होते. अब्बा सांगत की मालकाने एकदा त्यांना एका कारागिराकडे गाडी लावायला सांगितली. अब्बा गाडी लावून आले, पण दुसऱ्या दिवशी चावी मालकाच्या हातात ठेवली आणि चार महिने दुसऱ्या मालकाची वाट पाहत घरी बसले. अम्मी हे सांगताना अजून चिडतात. त्या चार महिन्यांत त्यांची एक बांगडी गेली.

अशा माणसाची वही होती ती. पेट्रोल, ऑइल, टायर, पंक्चर, सगळे उर्दूत आणि प्रत्येक नोंदीपुढे मीटरचा आकडा. पहिल्या पानावर गाडी घेतली त्या दिवसाचा आकडा ६२,१४० आहे. आणि २००९ च्या एका पानावर लिहिले आहे, ‘आज मीटर शून्यावर आले. गाडी तीच आहे.’

म्हणजे मीटर पाच आकडी, ९९,९९९ नंतर पुन्हा शून्यावर जाणारे. आमच्या मीटरवरचे ४१,३८६ हे खरे १,४१,३८६ होते आणि त्यात बंद मीटरची पाच वर्षे धरलेलीच नव्हती.

आधी दुरुस्तीचे सांगू. एस. टी. स्टँडच्या मागे अब्बांच्या जुन्या दोस्ताचे गॅरेज आहे. आम्ही त्यांना चाचा म्हणतो. वय सत्तरीच्या पुढे. मुलगा नव्या गाड्यांना लॅपटॉप लावतो, चाचा बाहेर स्टुलावर बसून असतात. फियाट पाहिली की उठतात. त्यांच्याकडे जायच्या आधी आम्ही दुसऱ्या एका ठिकाणी विचारले होते. तिथला पोरगा म्हणाला, “मॅडम, केबल कशाला? मीटरच बदलतो आणि पाहिजे तो आकडा लावून देतो. वीस हजार ठेवू?” आम्ही चहा अर्धा टाकून उठलो.

चाचांनी विचारले, “काटा बंद आहे की खालचे आकडे पण?”

“दोन्ही.”

“मग केबल तुटली. काटा बंद आणि आकडे चालू असते तर मीटरची खराबी. काटा नाचत असता तर केबल सुकली किंवा मुरगळली असे समजायचे.”

वर्गात विज्ञानाचे शिक्षक रजेवर असले की आम्हाला तो तास घ्यावा लागतो, म्हणून हे यंत्र आम्हाला थोडे माहीत आहे. केबलमध्ये पोलादी तारांचा पीळ असतो. तो बाहेरच्या नळीत फिरतो. त्याचे एक टोक गिअरबॉक्सच्या शेपटाकडे एका छोट्या दातरी चाकाला, दुसरे टोक मीटरच्या पाठीत. मीटरच्या आत या पिळाबरोबर एक चुंबक फिरतो. चुंबकाभोवती ॲल्युमिनियमची वाटी असते, पण दोघांचा एकमेकांना स्पर्श होत नाही. चुंबक फिरला की वाटीत विजेचे भोवरे तयार होतात आणि वाटी त्याच्यामागे ओढली जाते. केसासारखी बारीक स्प्रिंग तिला मागे खेचते. या ओढाताणीत काटा जिथे थांबेल तो वेग. स्ट्रासबुर्गच्या ओटो शुल्ट्झे यांनी १९०२ साली याचे पेटंट घेतले. किलोमीटरचे आकडे मात्र चुंबकावर चालत नाहीत. त्यांना दातऱ्यांनी थेट केबलच फिरवते. म्हणून केबल तुटली की दोन्ही एकदम थांबतात.

केबल आणायला भाच्याला कुर्ल्याला पाठवले. तिथल्या सीएसटी रोडवर जुन्या गाड्यांचे सुटे भाग मिळतात. पण मुंबईच्या रस्त्यांवरून पद्मिनी टॅक्सीच ३० ऑक्टोबर २०२३ पासून गेल्या. आता तिचा माल ठेवणारे कितीसे उरणार! पोराने तीन दुकाने फिरून एक केबल आणली, ती वीतभर लांब निघाली. चाचांनी जुनी आणि नवी शेजारी शेजारी जमिनीवर पसरून दाखवली. “बेटी, आतली तार लांब असेल तर ती मीटरच्या पाठीत टोचत राहील आणि मीटर खाऊन टाकील. आखूड असेल तर एक दिवस निसटेल.” भाचा पुन्हा गेला. या वेळी तुटलेली जुनी केबल सोबत घेऊन गेला. हे पहिल्यांदाच करायला हवे होते.

रविवारी सकाळी काम सुरू झाले. पहिली गोष्ट म्हणजे बॅटरीची अर्थिंगची वायर काढली. डॅशबोर्डच्या मागे चाळीस वर्षांच्या वायरी असतात, त्यांचे रबर नुसत्या बोटाने भुगा होते. गाडीखाली चाचांचा मुलगा गेला. पान्याने नट सैल करून खालचे टोक पाच मिनिटांत सुटले. तुटलेला तुकडा तिथूनच निघाला, टोकापासून चार बोटांवर तुटलेला. पीळ उसवून झाडूच्या काड्यांसारखा झाला होता.

खरे काम वरच्या बाजूला. मीटर पुढून काढता येते, पण चाचा तयार होईनात. “हे प्लास्टिक काढताना तुटले तर दुसरे कुठून आणणार? खालून हात घालू.” केबलचे वरचे टोक मीटरच्या पाठीला एका गोल, खाचा असलेल्या नटाने धरलेले असते. तो बोटांनीच फिरवायचा. पाना लावायला जागा नाही. एका बाजूला स्टिअरिंगची नळी, तिच्यावर गिअरची दांडी, वर वायपरची जोडणी, मधोमध वायरींचे जाळे. चाचा उलटे झोपले, डोके पेडलच्या जवळ, पाय दाराबाहेर. पंधरा मिनिटांनी बाहेर आले तेव्हा मनगटावर रक्त होते. म्हणाले, “नट हाताला लागतो. बोटे वळत नाहीत.” आणि हात पुसत बसून राहिले. त्यांच्या बोटांचे सांधे सुजलेले आम्ही रोज पाहत होतो, त्या दिवशी त्यांनीही पाहिले असावेत. त्यांचा मुलगा गेला. त्याचा पंजा मनगटापुढे सरकेना. आम्ही दुपट्टा कमरेला खोचून गेलो. आमचा हात पोहोचला, पण कोणता नट आणि कोणता बल्बचा होल्डर हे कळेना. दोनदा होल्डरच उपटला.

शेवटी धाकटी गेली. सातवीत आहे. इतका वेळ ती दारात उभी राहून टॉर्च धरत होती. चाचा बाहेर बसून तिला बोलत राहिले. “वर जा. गार धातू लागला? त्याच्या मागे खडबडीत अंगठी आहे. ती पकड. डावीकडे. जोर नको.” ती डोळे मिटून करत होती. टॉर्चचा उपयोगच नव्हता. नट सुटला तेव्हा ती ओरडली आणि चाचांनी ‘माशाअल्लाह’ म्हणून टोपी सारखी केली.

नवी केबल घालताना दोन गोष्टी त्यांनी बजावल्या, त्या इथे लिहून ठेवतो. आतली तार बाहेर काढून तिला ग्रीस लावायचे, पण पातळ, आणि वरची वीतभर तार कोरडी ठेवायची. नाहीतर ग्रीस फिरत फिरत वर चढते आणि मीटरच्या आत जाते. मग काटा चिकटतो. दुसरे, नळीला कुठेही काटकोनात मोडायचे नाही. आधीची केबल तशीच वाकवून बांधलेली होती, म्हणून तुटली. इंजिनच्या बाजूच्या पत्र्यात जिथून केबल आत येते तिथले रबरी बूचही नवे घातले. जुने वाळून चिरले होते आणि पावसाळ्यात पायावर पाणी का गळते हे कोडे त्या निमित्ताने सुटले.

वरचे टोक जोडण्यापूर्वी परीक्षा घेतली. खालचे टोक गिअरबॉक्सला बसवले आणि वरच्या टोकाची तार धाकटीने बोटात हलकेच धरली. आम्ही दोघांनी गाडी अंगणातच चार हात ढकलली. “फिरतेय!” तिने आतून सांगितले. मग नट पुन्हा तिनेच लावला. चाचांनी चौकोनी टोक मीटरच्या चौकोनी भोकात बसल्याशिवाय नट आवळू नको असे तीनदा सांगितले आणि तिने तीनदा ‘हो चाचा’ म्हटले.

संध्याकाळी हायवेपर्यंत जाऊन आलो. काटा उठला आणि चाळीसच्या आसपास स्थिर राहिला. परत अंगणात आलो तेव्हा शेवटचा आकडा बदलला होता. पाच वर्षांनी तो ४१,३९४ झाला. चाचांनी मजुरी घेतली नाही, धाकटीला मात्र पन्नास रुपये दिले. म्हणाले, “कारागिराचा हक्क आहे.”

रात्री आम्ही कागद घेऊन बसलो. मीटर बंद असताना गाडी किती चालली? आठवड्याचा बाजार, महिन्यातून एकदा अम्मींना रत्नागिरीला डॉक्टरकडे नेणे, दोन लग्ने, एक जनाजा. महिन्याला साधारण शंभर धरले तर पाच वर्षांचे सहा हजार. पुण्याच्या गृहस्थांना आम्ही मीटरचा फोटो पाठवला आणि खाली लिहिले की हा आकडा एकदा शून्यावर येऊन गेला आहे, खरा आकडा १,४१,३९४, शिवाय न मोजलेले अंदाजे सहा हजार. वहीच्या दोन पानांचे फोटोही पाठवले. पाठवण्याआधी भाईजानला विचारले नाही. विचारायला हवे होते. मोठे आहेत आणि गाडीत त्यांचाही हिस्सा आहे.

गृहस्थांनी पंचवीस हजार कमी केले. भाईजान फोनवर म्हणाले, “पंचवीस हजार! अम्मीच्या ऑपरेशनचे पैसे आहेत ते. अब्बा स्वतः उपाशी राहिले, ठीक. आता तू अम्मीला ठेव.” हे बोलणे आम्हाला लागले, कारण त्यात तथ्य होते. आम्ही सोसायटीतून कर्ज काढून तेवढी रक्कम भरतो म्हटले. भाईजान म्हणाले, “मी ते मागितले नव्हते,” आणि फोन ठेवला. अम्मींना आम्ही आकडा सांगितला नव्हता, पण त्यांनी ऐकलेच. त्या एवढेच म्हणाल्या, “त्या वेळी बांगडी होती. आता कर्ज काढ.” राग होता की हसू, आम्हाला अजून कळलेले नाही.

गाडी पुढच्या जुम्म्याला जाणार आहे. गृहस्थांनी वहीही मागितली आहे. अशी वही असली की गाडीची किंमत वाढते म्हणे. तिच्या मागच्या पानांवर आमच्या डी.एड.च्या आणि बी.एड.च्या फीचा हिशेब आहे, भाईजानच्या पहिल्या पासपोर्टचा खर्च आहे. आम्ही गाडीच्या पानांचे झेरॉक्स काढायला टाकले आहेत. त्याआधी धाकटीने शेवटच्या नोंदीखाली तारीख, ‘केबल नवी’ आणि ४१,३९४ असे लिहिले. तिचे उर्दू कच्चे आहे, ‘केबल’चे स्पेलिंग चुकले. आम्ही ते तसेच ठेवले.