मागून आलेला हात

कबड्डीत पकडीचा गुण गुणपत्रिकेवर एकाच्याच नावापुढे लागतो. डाव्या कोपऱ्याने घोटा धरला, शेजारच्याने कंबर आवळली, मध्यरक्षकाने धडक देऊन चढाईपटूला मध्यरेषेपासून दूर लोटलं. नाव मात्र घोटा धरणाऱ्याचं. गावच्या स्पर्धेत त्याने फारसं बिघडत नाही. प्रो कबड्डीत बिघडतं, कारण पुढच्या लिलावातली बोली याच आकड्यांवर चढते. संघ बांधायचा तर प्रशिक्षकाला या हिशेबाशी रोज भांडावं लागतं.

म्हणून सरावाला मी वेगळी वही ठेवतो. कोपऱ्याने झेप घेतल्यावर मागून कोण आला आणि किती लवकर आला, एवढंच त्यात असतं. संध्याकाळी व्हिडिओ लावला की आधी त्याचं नाव घेतो. सुरुवातीला पोरं हसतात. पुढे तीच विचारू लागतात, ‘‘सर, माझा सपोर्ट दिसला का?’’

खरी परीक्षा चुकीच्या पकडीत होते. चढाईपटू अजून नीट आत आलेला नसतो आणि एखादा नवखा घाईने त्याच्या अंगावर जातो. अशा वेळी जाणते खेळाडू हात आखडतात. एक गुण तर गेलाच, आपणही भिडून दुसरा कशाला द्यायचा? हिशेब चोख आहे. पण असं दोन-तीनदा झालं की नवखा झेप घ्यायचंच सोडतो आणि चढाईचे तीस सेकंद कोपऱ्यात नुसता उभा राहतो. म्हणून आमचा नियम: एक गेला की साखळीने जायचंच. चूक कुणाची, ते सामना संपल्यावर. यात गुण जातात. मी ते जाऊ देतो.

अशी साखळी एका महागड्या खेळाडूने येत नाही. प्रो कबड्डीच्या दहाव्या हंगामात तेलुगू टायटन्सने चढाईपटू पवन सेहरावतसाठी २ कोटी ६० लाखांहून अधिक मोजले आणि २२ सामन्यांत दोन विजय मिळवून संघ तळाला राहिला. पण दोष नुसत्या पैशाला देता येत नाही. पुणेरी पलटणनेही मोहम्मदरेझा शादलूवर २ कोटी ३५ लाख लावले होते. मात्र तो आला तेव्हा अबिनेश नडराजन, संकेत सावंत, गौरव खत्री ही बचावफळी आधीपासून एकत्र रुळलेली होती. प्रशिक्षक बी. सी. रमेश यांचा हा संघ १ मार्च २०२४ रोजी हैदराबादला हरियाणा स्टीलर्सला २८-२५ असा हरवून विजेता झाला. तीन गुणांचं अंतर म्हणजे दोन-तीन पकडी, आणि त्या एकट्याने होत नाहीत.

पकड जमल्यावर कोपरा प्रेक्षकांकडे वळून मांडी थोपटतो, की मागच्या गड्याला टाळी देतो, हे मी बाकावरून पाहत असतो. मांडी थोपटायला माझी हरकत नाही. आधी टाळी द्यावी, एवढंच.