बुयोहून दोन पत्रे

बुयो, दक्षिण कोरिया
संध्याकाळ

प्रिय ताई,


आज बुसो टेकडी चढले. बुयो म्हणजे जुनी साबी, बेकजे राज्याची शेवटची राजधानी. इ.स. 660 मध्ये शिल्ला राज्य आणि चीनचं तांग घराणं यांच्या एकत्रित फौजांनी बेकजे बुडवलं. राजा उइजाला कैद करून चीनला नेलं, तिथेच तो वारला.

टेकडीवर साम्चुंग्सा हे स्मृतिमंदिर लागतं. राजाला वेळीच सावध करणारे सोंगचुंग आणि हुंगसू, अन् 5000 सैनिकांनिशी अखेरची लढाई देऊन पडलेला सेनापती क्येबेक, अशा तिघांचं ते. पुढे पाइनच्या झाडीत कौलारू छपराचं लहानसं कुंगन्योसा आहे. शत्रूच्या हाती लागू नये म्हणून कड्यावरून नदीत उड्या घेतलेल्या राजवाड्यातल्या स्त्रियांचं हे मंदिर. तिघा पुरुषांची नावं सगळ्यांना ठाऊक आहेत, या बायकांपैकी एकीचंही नाव उरलेलं नाही. तरी एक आजीबाई पायरीशी कमरेत वाकून उभ्या होत्या, बराच वेळ.

तुझी,
सुमा


बुयो
दुसरा दिवस

प्रिय ताई,

आज होडीतून तो कडा खालून पाहिला. नाकह्वाआम म्हणतात त्याला. खडकात तांबडी चिनी अक्षरं कोरलेली आहेत. काठावर गोरान्सा नावाचा बौद्ध मठ आहे.

इथे जो तो 3000 स्त्रियांची गोष्ट सांगतो. पण तेराव्या शतकातल्या इर्योन भिक्षूच्या 'साम्गुक युसा' ग्रंथात राजस्त्रियांनी जीव दिल्याचं आहे, हा आकडा नाही. तो बऱ्याच शतकांनी कवींनी घातला. त्या आकड्यानं राजा विलासी ठरला आणि या स्त्रिया त्याच्या विलासाचं माप होऊन बसल्या. मला याचा फार राग आला. वाड्यात शिवणारी, रांधणारी, राणीची वेणी घालणारी अशीही कुणी असेलच ना त्यांत?

बुयोच्या लोकांचं मात्र कौतुक वाटलं. कोरियन युद्ध थांबून दोनच वर्षं झाली होती. तेव्हा, 1955 साली, त्यांनी त्या तीन स्वामिनिष्ठांसाठी आणि या स्त्रियांसाठी विधी सुरू केले. आजचा मोठा बेकजे महोत्सव त्यातूनच वाढला.

वर्गात मुलींना ही हकिकत सांगशील तेव्हा आकडा सांगू नकोस. त्या वेळी एकटीच कुणी कड्यावर उभी असती, तरी तिच्यासाठी ते कुंगन्योसा बांधायलाच हवं होतं.

तुझी,
सुमा