आधी माप, मग पैसा

आमचे मामा मूळचे बेळगावचे. डिप्लोमा झाल्यावर १९८० च्या दशकाच्या अखेरीस ते मध्य प्रदेशात, धार जिल्ह्यातल्या पीथमपूरला नोकरीसाठी गेले आणि तिकडचेच झाले. हिंदुस्थान मोटर्सच्या तिथल्या कारखान्यात जपानच्या इसुझु कंपनीच्या तंत्रावर इंजिने तयार होत. मामा जुळणी विभागात होते. मामींचे माहेर देवासचे. त्यामुळे घरात मराठी, बाजारात हिंदी, आणि बेळगावहून कोणी गेले की मामांचे कन्नड सुरू!

गेल्या मे महिन्यात धारला गेलो, तेव्हा मामांची जुनी कॉन्टेसा अंगणातल्या कडुनिंबाखाली उभी होती. १९८४ साली बाजारात आलेली ही लांबरुंद गाडी २००२ साली बंद झाली. मामांची गाडी दोन लिटरच्या टर्बो डिझेल इंजिनाची. सकाळी सुरू व्हायला कुरकुरायची, चढाला दमायची, मागे निळा धूर सोडायची. निळा धूर म्हणजे इंजिन तेल जाळते आहे.

मामेभावाचे म्हणणे, “भंगारात द्या. नाहीतर नीट काम करू, मोठा टर्बो बसवू, गाडी पळेल तरी.” त्याने सुट्या भागांची यादीसुद्धा केली होती. मामांनी ती बाजूला ठेवली आणि माझ्याकडे बघून म्हणाले, “मदल अळती नोड, आमेल रोक्क तगि.” आधी माप बघ, मग पैसे काढ.

इंजिन उतरवून आम्ही टेम्पोने देवासला नेले. मामींच्या भावाचे तिथे लेथचे वर्कशॉप आहे. धार ते देवास, इंदूरवरून सुमारे शंभर किलोमीटर. दोन्ही पवारांची संस्थाने. देवासमध्ये तर एकाच गावात थोरली पाती आणि धाकटी पाती अशी दोन राज्ये नांदत होती. आमच्याकडेही बापलेकांच्या दोन पात्या झाल्याच होत्या!

सिलिंडरचे माप वर, मध्ये आणि खाली, दोन दिशांनी घेतले. वरच्या बाजूला झीज जास्त होती. पाव मिलिमीटर वाढवून भागणार नव्हते, अर्ध्या मिलिमीटरने मोठा पिस्टन घ्यावा लागणार होता. मामांनी नियम सांगितला, “पिस्टन आधी हातात येऊ दे. त्याचं माप घेऊन मग बोअर करायचं. धातू एकदा कापला की परत चिकटत नाही.”

पिस्टन आणायला मी इंदूरला गेलो. एका दुकानात नेमक्या मापाचा संच मिळाला, तोही अपेक्षेपेक्षा बराच स्वस्त. मी खुशीत परतलो. मामांनी जुना पिस्टन शेजारी ठेवला, खोक्यावरचा नंबर पाहिला आणि शांतपणे विचारले, “टर्बोचे मागितलेस का?”

मी फक्त गाडीचे नाव आणि माप सांगितले होते. माझ्या हातात बिनटर्बो इंजिनाचे पिस्टन होते. आकार तोच, बसलेही असते. पण टर्बो इंजिनात जास्त हवा कोंबतो, तेवढेच जास्त डिझेल जळते. पिस्टनच्या माथ्यावर आणि वरच्या रिंगवर उष्णता आणि दाब वाढतो. म्हणून टर्बोचे पिस्टन जास्त मजबूत बनवलेले असतात. “काही महिने चालली असती,” मामा म्हणाले, “मग एखाद्या घाटात बसली असती.” वर्गात विद्यार्थ्यांना ‘प्रश्न नीट वाचा’ म्हणणारा मी, खाली मान घालून दुसऱ्या दिवशी संच बदलून आणला. फरकाचे पैसे मी भरले.

मोठ्या टर्बोचा विषय मेव्हण्यांनीच मिटवला. जास्त हवेला जास्त डिझेल, त्यातून जास्त उष्णता. ती सोसायला हेड, गॅस्केट, बेअरिंग, रेडिएटर सगळेच तयार पाहिजे. मूळ मापाच्याच टर्बोचा आतला भाग बदलला. त्याचा दांडा मिनिटाला लाखाहून जास्त फेरे घेतो, तोही तेलाच्या पातळ थरावर तरंगत. म्हणून मामांनी दोनशे-तीनशे रुपयांच्या तेलाच्या नळीसाठी हट्ट धरला. जुन्या नळीत काजळी साचलेली असेल, तर नवा टर्बोही तेलावाचून मरतो. वाचवायचे कुठे आणि खर्चायचे कुठे, हे मला त्या नळीने शिकवले.

काम चालू असताना एका संध्याकाळी आम्ही देवासच्या टेकडीच्या पायथ्याशी, कुमार गंधर्वांच्या ‘भानुकुल’वरून गेलो. कुमारजी आपल्या बेळगावजवळच्या सुळेभावीचे, घरची भाषा कन्नड. १९४८ साली क्षयामुळे देवासला आले. कित्येक वर्षे गाणे बंद होते. एक फुप्फुस निकामी झाले. पण पुन्हा उभे राहिले ते उरलेल्या श्वासाला झेपेल अशी गायकी घडवून. मामा म्हणाले, “त्यांनी दुसऱ्याची छाती उसनी नाही मागितली.” मग थोडे थांबून, “मलाही डॉक्टरांनी तेच सांगितलंय.” दोन वर्षांपूर्वी त्यांची अँजिओप्लास्टी झाली आहे. गाडी भंगारात द्या, हे शब्द त्यांना कुठे लागले असतील, ते तेव्हा मला कळले. मामेभावालाही कळले असावे. तो मोठ्या टर्बोबद्दल पुन्हा बोलला नाही.

जूनच्या पहिल्या आठवड्यात इंजिन पहिल्या झटक्यात सुरू झाले. निळा धूर नाही. मामेभाऊ चालवत होता, मामा शेजारी, मी मागे. देवासहून धारला पोचेपर्यंत साठच्या वर काटा नेऊ दिला नाही. नव्या रिंगा अजून बसायच्या होत्या ना!

दारात गाडी थांबली. मामेभाऊ किल्ली फिरवणार तोच मामांनी त्याच्या हातावर हात ठेवला. “एक मिनिट चालू राहू दे. टर्बो थंड होऊ दे.” मग आम्ही तिघेही काही न बोलता, ते एक मिनिट तसेच बसून राहिलो.