डिझेलचे पैसे

मोफत नेत्रशिबिरांवर माझा वर्षानुवर्षं राग होता. शिरवळच्या बाजारपेठेत शिबिराचा फ्लेक्स लागायचा आणि त्यावर पाहुण्यांचेच चेहरे मोठे असायचे. सत्कार, नारळ, भाषणं आटपेपर्यंत आसपासच्या गावांतून आलेली म्हातारी माणसं मांडवात ताटकळत बसायची. दृष्टी हा माणसाचा हक्क आहे, ती कुणाच्या वाढदिवसानिमित्त मिळू नये, असं मी चारचौघांत बोलायचो. अंधत्व नियंत्रणाचा राष्ट्रीय कार्यक्रम 1976 सालापासून आहे. सरकारी दवाखान्यात डोळ्यांचा सर्जन द्या, यंत्रं द्या, लोक आपापले जातील, हे माझं म्हणणं होतं.

रागात भीतीही होती. पूर्वी शाळेच्या वर्गांत, धर्मशाळेत टेबलं मांडून ऑपरेशनं व्हायची. मोतीबिंदू काढायचे, पण डोळ्यात नवं भिंग बसवायचे नाहीत, जाड काचांचा चष्मा द्यायचे. तो फुटला की माणूस पुन्हा चाचपडायला लागे. आणि 2014च्या अखेरीस पंजाबातून बातमी आली : घुमान गावच्या मोफत शिबिरातल्या कित्येक रुग्णांची दृष्टी ऑपरेशननंतर गेली. संत नामदेवांचं घुमान, जिथे पुढच्या एप्रिलमध्ये मराठी साहित्य संमेलन भरणार होतं. ती बातमी वाचल्यावर माझं मत आणखी घट्ट झालं.

ते फिरलं एका यादीमुळे. एका शिबिरात नावं लिहायला माणूस कमी पडला म्हणून मला बसवलं. मोतीबिंदू निघालेल्यांनी पुण्याला मोठ्या रुग्णालयात यायचं, ऑपरेशन फुकट, असं डॉक्टरांनी प्रत्येकाला नीट समजावून सांगितलं होतं. काही दिवसांनी कळलं, यादीतले बरेचजण गेलेच नाहीत. फुकट असून का गेले नाहीत, ते विचारायला मी विंग, भादे, पळशीच्या वस्त्यांवर हिंडलो.

शिरवळहून पुणं पन्नासेक किलोमीटर. हायवेला उभं राहिलं की गाडी मिळते, असं डोळस माणूस म्हणतो. ज्याला दिसत नाही त्याला सोबत लागते. सोबत जाणारा मुलगा एमआयडीसीत ठेकेदाराकडे असतो, त्याचा खाडा धरला जातो. तपासणीला एक खेप, ऑपरेशनला एक, मग पट्टी, मग महिन्याने चष्म्याचा नंबर. "गुरुजी, फुकट हाय खरं, पर आमाला परवडत न्हाई," असं एका घरात ऐकलं. दुसरीकडे आजीबाईंची समजूत होती की मोतीबिंदू अजून पिकलेला नाही, पिकला की जाऊ. ही समजूत त्यांच्या मनाची नव्हती. जुन्या पद्धतीत डॉक्टरच तसं सांगत. आता थांबायची गरज नसते, उलट फार पिकलेल्या मोतीबिंदूने डोळ्यातला दाब वाढून डोळा कायमचा जाऊ शकतो. हे त्यांना घरी येऊन कुणी सांगितलंच नव्हतं. बायकांचं तर आणखी वेगळं. आधी आजोबांचा डोळा, मग सुगी, मग लग्नसराई. आजीला हाताला धरून न्यायला नात असतेच, मग घाई कसली? त्या नातीची शाळा बुडते, हे कुणाच्या हिशेबात नसतं. इथून जवळच सावित्रीबाई फुल्यांचं नायगाव आहे. त्याच मुलखात मुलीची शाळा अशी बुडावी, हे मला फार लागलं.

मदुराईच्या अरविंद नेत्ररुग्णालयाबद्दल मी नंतर वाचलं. डॉ. वेंकटस्वामींनी निवृत्तीनंतर, 1976 साली, अकरा खाटांवर ते सुरू केलं. संधिवाताने त्यांची बोटं वाकडी झाली होती, तरी त्याच हातांनी ते ऑपरेशन करत. त्यांनाही हाच अनुभव आला होता : फुकट म्हटलं तरी लोक येईनात. मग त्यांनी प्रवास आणि जेवणही आपल्या अंगावर घेतलं. गावात फक्त तपासणी करायची, रुग्णांना बसमधून रुग्णालयात न्यायचं, ऑपरेशन पक्क्या थिएटरमध्येच करायचं, घरी आणून सोडायचं आणि ठरल्या दिवशी परत गावात येऊन डोळा बघायचा. पैसे देणाऱ्यांच्या फीमधून न देणाऱ्यांचा खर्च निघतो. भिंगं परदेशातून आणणं परवडेना, तेव्हा 1992 साली त्यांनी ती स्वतःच बनवायला घेतली. टाके न घालता, काही मिनिटांत होणारं ऑपरेशन आता आपल्याकडेही रुळलं आहे. अशी कामंही जवळपास आहेत : पुण्यात अंधजन मंडळाचं एच. व्ही. देसाई रुग्णालय, मिरजेत लायन्स नॅबचं नेत्ररुग्णालय. नारायणगावला डॉ. मनोहर डोळे यांनी जुन्नरच्या आदिवासी पट्ट्यासाठी हयात घालवली, 2024 साली त्यांना पद्मश्री मिळाली. घुमानसारखं पुन्हा घडू नये याचा रस्ताही यातच आहे. मांडव तपासणीपुरता, चाकू थिएटरात.

2015 ते 2019च्या राष्ट्रीय पाहणीत पन्नाशीपुढच्या अंधत्वाचं सर्वांत मोठं कारण मोतीबिंदूच निघालं, जवळजवळ 66 टक्के. म्हणजे तीन आंधळ्यांतल्या दोघांना पुन्हा दिसू शकेल असा आजार, उपाय माहीत असलेला, आणि तरी माणसं ओसरीवर बसून आहेत.

दृष्टी हा हक्क आहे हे मी सोडलेलं नाही. पण तो हक्क रुग्णालयाच्या दारात ठेवून भागत नाही, तो वस्तीपर्यंत न्यावा लागतो, आणि ते काम आज आमच्याकडे ही शिबिरवाली माणसंच करतात. कुणीतरी दार ठोठावतं, शुगर-बीपीच्या गोळ्या पिशवीत घ्यायला सांगतं, म्हातारीला जीपमध्ये पुढे बसवतं. सरकारने हे काम स्वतःकडे घेतलं तर मला आनंदच होईल. तोवर त्या जीपकडे मी तुच्छतेने बघणार नाही.

फ्लेक्स मला अजूनही आवडत नाही. किती ऑपरेशनं झाली हा आकडाही पुरेसा वाटत नाही, महिन्यानंतर किती जणांना नीट दिसतंय ते सांगावं. वर्गणीला कुणी आलं की मी डिझेलसाठी देतो, आणि तीन गोष्टी विचारून घेतो : गाडी वरच्या वस्तीपर्यंत जाणार का, महिन्याने परत येणार का, आणि दुसऱ्या डोळ्याची तारीख कधीची आहे.