चाळीतला कांदा

गेल्या वर्षी अर्थशास्त्राच्या तासाला सरांनी ‘विवेकी माणूस’ शिकवला. हा गृहस्थ प्रत्येक पर्यायाचा नफातोटा तोलतो आणि ज्यात लाभ अधिक तोच निवडतो. मी टिपणे काढीत होतो, पण डोळ्यांपुढे आमचे दादा होते.

आमचा चाळीस क्विंटल उन्हाळ कांदा तेव्हा चाळीत होता. जूनमध्ये भाव निघाला १,१०० रुपये, म्हणजे सारे मिळून ४४,०००. पण क्विंटलमागे खर्चच १,५०० झालेला. “घरचं घालून कोण विकील?” असे म्हणून दादा थांबले. जुलैत झड लागली. ऑगस्टमध्ये चाळीला वास सुटला. दर रविवारी आई आणि मी सडका कांदा निवडून उकिरड्यावर टाकीत असू. हाताचा वास सोमवारपर्यंत जात नसे, म्हणून मी वर्गात मागच्या बाकावर बसे. सप्टेंबरात उरलेला २६ क्विंटल १,२५० ने गेला. आले ३२,५००.

मी रागारागाने कागदावर हिशेब मांडून दादांना दाखवला. (कॉलेजात जाणाऱ्या मुलाचा राग जरा जास्तच शहाणा असतो.) ते म्हणाले, “कागदाला आत्ता कळतंय रे. जूनमध्ये कुणाला ठाऊक होतं?”

पुढे ग्रंथालयात डॅनियल काह्नेमन आणि एमॉस ट्वर्स्की यांच्या १९७९ च्या निबंधाविषयी वाचले. त्यांनी लोकांना विचारले होते : खात्रीने ३,००० गमावाल, की ४,००० गमावण्याची शंभरात ८० शक्यता पत्कराल? सरासरीने दुसरा पर्याय ३,२०० चा, म्हणजे महागच. तरी शंभरात ९२ जणांनी तोच घेतला. तेच आकडे मिळकतीचे करताच ८० जणांनी खात्रीचे ३,००० पसंत केले. माणूस मनात एक खूण धरतो आणि तिच्या वर की खाली, एवढेच पाहतो. खाली असला की जुगार खेळतो. दादांची खूण १,५०० ची होती. काह्नेमन यांना २००२ साली नोबेल मिळाले. ट्वर्स्की १९९६ मध्येच वारले होते.

हे सारे मी दादांना उत्साहाने सांगितले. त्यांनी ऐकून घेतले आणि म्हणाले, “चव्वेचाळीस हजारांत सोसायटीचं कर्ज फिटलं असतं. तुझी फी कशातून भरली असती?”

फी भरायला आईने दोन शेळ्या विकल्या होत्या, हे मला तेव्हा कळले.

यंदाही चाळ भरली आहे. भाव १,३०० निघाला. काल दादांनी प्रथमच मला विचारले, “काय करायचं?” दोन दिवसांत सांगतो, असे म्हणून मी वेळ मागून घेतली आहे.